शिबिराचा फ्लेक्स उतरल्यावर : गावाचं आरोग्य सांभाळणाऱ्यांसाठी, पायरी पायरीनं

सरपंच निवडून आले की वर्षाच्या आत गावात एक आरोग्य शिबिर होतंच. मांडव पडतो, फ्लेक्स लागतो, नारळ फुटतो. दोनशे जणांचं बीपी, शंभरेक जणांच्या चष्म्याचे नंबर, आणि दुपारी दोनला पाहुण्या डॉक्टरांची गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लागते. दुसऱ्या दिवशी विचारा, किती जणांचं बीपी वाढलेलं निघालं? सांगायला कुणी नसतं. कागद शिबिरवाल्यांबरोबर गेले, फ्लेक्स तेवढा कुणाच्या तरी भाताच्या पिंजराच्या गंजीवर पाऊस अडवायला गेला.

मी आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. करवीर, शाहूवाडी, शिरोळ अशा तीन तऱ्हेच्या तालुक्यांत नोकरी झाली : एक शहराला चिकटलेला, एक डोंगरी, एक पुरातला. शिबिरं मीही पुष्कळ घेतली. पण शिबिरामुळं एखाद्या गावातला आजार कमी झाला असं एक उदाहरण काही मला आठवत नाही. जिथं कमी झाला तिथं एखादा माणूस असा असायचा, जो दर आठवड्याला तोच प्रश्न त्याच माणसाला विचारायचा. “ओटी बघितली का?” (ओटी म्हणजे नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची तपासणी.) “त्या आक्कांची गोळी संपली असंल, आणली का?” समोरच्याला कंटाळा येईल इतक्या वेळा.

हा माणूस सरपंच असू शकतो, आशाताई असू शकतात, दूध संस्थेचा सचिव, बचत गटाच्या अध्यक्षा किंवा तालमीचा एखादा पोरगाही असू शकतो. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

पहिलं काम : कोण कुठं बसतं ते बघून या

कागदावरचा हिशोब सोपा आहे. उपकेंद्र सपाटीला ५,००० लोकसंख्येमागं एक, डोंगरी भागात ३,००० मागं एक. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० ला, डोंगरी भागात २०,००० ला. उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी आहे. आत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ, सिस्टर आणि आरोग्य सेवक. त्यांच्यावर केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी, आणि जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी.

पहिल्यांदा जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका. “तुमचं काम कशानं अडतंय?” एवढंच विचारा. उत्तर बहुतेक वेळा फार छोटं असतं. एका उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, दारातला दिवा चार महिने बंद आहे, रात्री बाई अडली की बॅटरी धरायला कुणाला तरी उठवावं लागतं. बल्ब त्याच संध्याकाळी लागला. त्यानंतर त्या सिस्टर पंचायतीच्या प्रत्येक बैठकीला न बोलावता यायच्या.

दुसरं काम : एक वही

शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. मोबाईलवर नोंद ठेवणार असाल तर ठेवा, पण मोबाईल माणसाबरोबर जातो आणि वही गावात राहते.

सुरुवात मृत्यूंपासून करा. ऐकायला अशुभ वाटतं, पण गावाचं दुखणं कळायला याहून सरळ वाट मला सापडलेली नाही. ग्रामसेवकांकडची जन्म-मृत्यूची नोंदवही (कागदावर ते आता ग्रामपंचायत अधिकारी झालेत, तोंडात मात्र ग्रामसेवकच आहे), आशाताई आणि गावातलं एखादं जाणतं माणूस, एवढं घेऊन तासभर बसा. मागच्या १२ महिन्यांत कोण गेलं, वय काय, कशानं, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला. तीन हजार वस्तीच्या गावात पंधरा-वीस नावं निघतील. ‘हार्ट अटॅक’ आणि ‘लकवा’ किती वेळा लिहावं लागतं ते मोजा. साठीच्या आतले किती, तेही वेगळं मोजा. बहुतेक गावांत त्या एका पानावरच वर्षाचं काम ठरतं.

पुढची पानं जिवंत माणसांची. गरोदर बायका आणि त्यांच्या तारखा, अंगणवाडीच्या वजनात मागं पडलेली मुलं, अंथरुणाला खिळलेली माणसं, बीपी-शुगरची गोळी चालू असलेले, आणि घरात एकटे राहणारे म्हातारे. टीबीच्या पेशंटची नावं या वहीत लिहू नका, ती आशाताई आणि सीएचओकडंच राहू द्या. एकदा अशी वही चावडीवर उघडी राहिली आणि एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला बजावतो.

तिसरं काम : पाणी, आणि त्यातही शेवटचा नळ

इथं जरा थांबतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक पाण्यातली आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. एका गावात, नाव नको, एका गल्लीत पंधरवड्यात सात जणांना कावीळ झाली. मी रोज सकाळी टाकीखालच्या नळावर ओटी टेस्ट करत होतो. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की ‘ओटी पॉझिटिव्ह’, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. रोज पिवळा यायचा, रोज मी रजिस्टरला ‘पाणी शुद्ध’ लिहायचो. आठव्या दिवशी त्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, “बाळा, तू टाकीचं पानी बगतोस, आमी टाकीत ऱ्हातोय व्हय?”

त्यांच्या दारातल्या नळाचं पाणी घेतलं. थेंब पडले, नळी हलवली, उजेडात धरली. रंग आलाच नाही. पाणी तसंच पांढरं.

गल्ली खणल्यावर जोड सापडला. गटाराच्या तळातून जाणारी पाइप, तिच्या जोडाला बोटभर फट. पाणी चालू असताना त्या फटीतून बाहेर गळायचं. पाणी बंद झालं की पाइप रिकामी होताना तीच फट गटार आत ओढायची. आपल्याकडं बहुतेक गावांत नळाला तास-दोन तासच पाणी येतं, म्हणजे हे ओढणं रोज चालतं. आणि दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचं दुखणं असं की पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला २ ते ८ आठवडे लागतात. पहिला पेशंट दिसला तेव्हा ते गटार महिनाभर प्यायलं गेलं होतं. त्यातली हेपेटायटिस ई ही कावीळ गरोदर बाईच्या तर जिवावर बेतते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी साथ आली, तिच्यात हजारो लोक आजारी पडले आणि काही दगावले. आपल्या जिल्ह्यात हा धडा पुस्तकातून शिकायची गरज नाही.

तर पाण्याचं काम असं करा.

गावाचा पाइपलाइनचा कच्चा नकाशा काढा. इंजिनिअर नको, पाणी सोडणाऱ्या माणसाला घेऊन गल्ल्या फिरा. जिथं पाइप गटार ओलांडते तिथं वहीत फुली मारा. प्रत्येक लाइनीचा शेवटचा नळ कुणाच्या दारात आहे ते नावानिशी लिहा. ओटी त्या नळावर करायची, पाणी सुटल्यावर थोडं वाहू देऊन. शिल्लक क्लोरीन लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम हवा, साथ असेल तर ०.५.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, साधारण १,००० लिटरला ५ ग्रॅम. पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पण हे झालं चांगल्या पावडरीचं. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे चुन्याची भुकटी, म्हणून नमुना वरचेवर तपासायला पाठवा. पोतं फळीवर, कोरड्या खोलीत, तोंड बांधून. पावडर थेट टाकीत उपडी करणारे मी पाहिलेत. ते चूक. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाऊण भरायची, दहा-पंधरा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. त्यानंतर अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह खोलायचा. हे करणारा जलसुरक्षक गावातला सगळ्यात कमी पगाराचा आणि सगळ्यात जोखमीचा माणूस आहे. त्याचं मानधन थकू देऊ नका. तोंडाला बांधायला कापड आणि हातमोजेही द्या.

वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होऊन पंचायतीला कार्ड मिळतं : लाल, पिवळं किंवा हिरवं. पाच वर्षं हिरवं टिकलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. पिवळं कार्ड आलं की पुष्कळ सरपंच ते टेबलाच्या खणात ठेवतात. तुम्ही ते पंचायतीच्या दारावर चिकटवा, खाली कारण लिहून. लोक विचारायला लागतात, आणि कामं होतात.

चौथं काम : दूध संस्थेच्या कट्ट्यावर बीपी

मृत्यूंच्या पानावर लकवा आणि हार्ट अटॅक दिसले असतील तर पुढची जागा ठरलेली आहे. आपल्याकडं गावातलं जवळपास प्रत्येक घर सकाळ-संध्याकाळ दूध घालायला संस्थेत येतं. म्हशीला फॅट अर्धा पॉइंट कमी लागली तर सचिवाशी भांडण काढणारा गडी स्वतःचं बीपी वर्षानुवर्षं बघत नाही. हे मी चेष्टेत म्हणायचो, आणि लोकांना ते लागायचं.

सीएचओंना सांगून आठवड्यातली एक सकाळ ठरवा. तिशीच्या पुढचे सगळे. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाक. बाक महत्त्वाचा. किटली घेऊन तरातरा आलेल्या माणसाचं बीपी लगेच घेतलं तर ते खोटंच वाढलेलं येणार. पाच मिनिटं बसवा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू झाली असेल तर आधी दूध घालून या म्हणा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. दोनदा घ्या. १४०/९० किंवा त्यावर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तरीही तेवढंच आलं तर डॉक्टरांकडं. १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी गाडी काढा. आणि छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, बोलणं जड झालंय असं काही असेल तर आकडा बघत न बसता १०८.

इथपर्यंत शिबिरातही होतं. त्याच्या पुढं कुणी जात नाही. गोळी सुरू झालेल्यांपैकी कितीतरी जण महिन्या-दोन महिन्यांत ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडून देतात. त्यांना धरायचं कसं? दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं आणि बिलाला माणूस चुकत नाही. बिलाच्या दिवशी सचिवाच्या शेजारी आशाताई वही घेऊन बसल्या, तर तीन बिलांमागं एकदा प्रत्येकाची गोळी तपासून होते. एका संस्थेत सचिवांनी बिलाच्या चिठ्ठीवरच लाल पेनानं ‘गोळी?’ लिहायला सुरुवात केली होती. फुकटची युक्ती, पण तिच्याइतकी उपयोगाची दुसरी मी पाहिली नाही.

मिठाबद्दल दोन शब्द. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढंच मीठ पुरे. आपल्याकडं खर्डा, लोणचं आणि पापडात तो चमचा सकाळच्या न्याहारीलाच संपतो. तांबडा-पांढरा रस्सा बंद करा असं कोल्हापुरात सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी ऐकून घेतला जात नाही, म्हणून मी एवढंच सांगायचो : ताटात वरून मीठ घ्यायचं नाही.

पाचवं काम : ठराव नेमका लिहा

वर्षाला निदान चार ग्रामसभा होतात. आरोग्याचा विषय बहुतेक वेळा शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ यात येतो, तेव्हा मांडवात दहा माणसं उरलेली असतात. तो विषयपत्रिकेवर तिसऱ्याच्या खाली जाऊ देऊ नका. आदल्या महिला सभेत पाण्याचा, शौचालयाचा, दारूचा विषय घ्या, तिथून तो ठराव होऊन येतो आणि मग कुणाला खाली ढकलता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावात केवढं बळ असतं ते शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये दाखवलंय. विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव तिथं झाला आणि राज्य सरकारनं तो इतर गावांपुढं ठेवला.

ठराव लिहिताना ‘पाणीपुरवठ्याची व्यवस्था सुधारावी’ असं लिहिलं तर काहीही होत नाही. असं लिहा : ‘मारुती मंदिरामागील गल्लीतील गटारातून जाणारी १५० फूट पाइप ३१ मेपूर्वी गटाराच्या बाहेर घेणे, निधी वित्त आयोग, जबाबदारी वॉर्ड २ चे सदस्य.’ पुढच्या सभेत पहिला प्रश्न हाच.

पैशाचं म्हणाल तर वाटतो तेवढा तुटवडा नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवलेला होता. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात. त्यातून शिलाई मशीन घेण्याची पद्धत पडलीय, बीपीचं मशीन आणि हिमोग्लोबिन तपासायचं साहित्यही घेता येतं. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या खात्यावर अबंधित निधी येतो, वर्षाला १०,००० च्या आसपास. रक्कम छोटी, पण रात्री अडलेल्या बाईच्या गाडीचं भाडं द्यायला ती लगेच हाताशी येते. समितीची बैठक दर महिन्याला व्हायला हवी. रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या गोळा झाल्या म्हणजे बैठक झाली, असं समजू नका.

पावसाळ्याच्या आधी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी गाठते आणि ४३ ला धोका पातळी. हे आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तर टीव्हीवर फुटांचा आकडा बघतच गाव जेवतं. पण ३९ झाल्यावर काय करायचं, ते ठरवायची वेळ मे महिना. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारखी गावं किंवा शिरोळातली नदीकाठची गावं असतील तर मे अखेर वहीतून एक वेगळी यादी काढा : जुलै ते सप्टेंबरमध्ये तारीख असलेल्या गरोदर बायका, डायलिसिसवाले, इन्सुलिन घेणारे, अंथरुणावरची माणसं. यांना ३९ च्या आधी हलवायचं, बोटीची वाट बघायची नाही. बीपी, शुगर, टीबी, फिट्स यांच्या गोळ्या महिनाभराच्या आगाऊ, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि जनावरांच्या दाव्यांबरोबर तीच पिशवी हातात असली पाहिजे. लोक म्हशी सोडून निघत नाहीत, म्हणून म्हशींची सोय कुठं हे आधी सांगितलं तरच माणसं वेळेत हलतात. याला आरोग्याचं काम कुणी म्हणत नाही, पण आहे.

सापाच्या विषावरची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात किती शिल्लक आहे ते जूनच्या आधी स्वतः जाऊन विचारा. भात लावणीत चावतो, पूर ओसरताना घरात शिरून चावतो. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय हलवू न देता दवाखाना.

पाणी ओसरल्यावर टाकी आणि विहिरी उपसून, धुऊन, जादा क्लोरीन देऊन पहिलं पाणी सोडून द्यायचं. घरात उकळलेलं पाणी किंवा मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध. चिखलात अनवाणी फिरलेल्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, त्यासाठी डॉक्सीसायक्लिन डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या हातात ती गोळी परस्पर देऊ नका. पुरानंतर मदतीला येणारे चांगल्या मनानं पोत्यानं औषधं आणतात, ती सगळी आधी मेडिकल ऑफिसरच्या टेबलावर.

यादीत नसलेली माणसं

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. मार्चपर्यंत ही माणसं तुमच्याच गावात राहतात, तुमचंच पाणी पितात, आणि गावाच्या एकाही यादीत नसतात. कुठल्या फडात कुठली टोळी आहे ते कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, बरोबर माहीत असतं. त्याच्याकडून दर सोमवारी घ्या. कोपीवर दिवसा गेलात तर कुलूपसुद्धा नाही आणि माणूसही नाही, सगळे फडात. संध्याकाळी चूल पेटते तेव्हा जा, मुकादमाला आधी सांगून. तीन गोष्टी बघा : पोरांची लसीकरणाची कार्डं, गरोदर बाई आहे का, आणि पाणी कुठून भरतात. ओढ्यातून भरत असतील तर टँकर किंवा नळाची एक तोटी द्या. तेवढ्यावरून ग्रामसभेत वाद होतो, मी पाहिलाय. “आमच्या पानीपट्टीतनं का?” असं विचारतात. हगवण कोप्यांतून गावात यायला पाणीपट्टीची पावती लागत नाही, हे तेव्हा सांगावं लागतं.

वीटभट्ट्यांचंही हेच.

शहरातल्यांसाठी थोडक्यात

पेठेत ग्रामसभा नसते, तालीम असते. डेंग्यूचं काम तालमीच्या पोरांइतकं चांगलं कुणी करत नाही, कारण त्यांना प्रत्येक घराच्या मागच्या दारानं जाता येतं. एडिस डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी. बॅरल नुसतं उपडं करून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोन् महिने जगतात, त्यामुळं आतून घासायचं. फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, कुंड्यांखालच्या बशा. शंभर घरं बघितली, किती घरांत अळ्या सापडल्या, तेवढा आकडा रविवारी तालमीच्या फळ्यावर लिहायचा. शेजारच्या तालमीनंही लिहायला सुरुवात केली की तुम्हाला पुढं काही सांगावं लागत नाही.

वही पुढच्याच्या हातात देताना

पाच वर्षांनी पंचायत बदलते. पॅनेल हरलं की पहिला राग कागदांवर निघतो, आणि वही कुणाच्या तरी माळ्यावर जाते. म्हणून तिची दुसरी प्रत पहिल्यापासून उपकेंद्रात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी ती आशाताईंकडून भरून घ्या. सरपंच कुठल्याही गटाचे येवोत, आशाताई त्याच असतात.

शेवटच्या पानावर एवढं असू द्या : टीसीएलच्या खोलीची किल्ली कुणाकडं, व्हॉल्व्ह कुठल्या क्रमानं उघडायचे, रात्री गाडी काढणाऱ्या तिघांचे फोन नंबर, आणि सगळ्या लाइनींचे शेवटचे नळ कुणाकुणाच्या दारात आहेत ती नावं.